एका छपराखाली मावतील तेवढीच माणसे

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातला शेवटचा रविवार. ओसाकातील जुन्या कोरियन वस्तीत आमच्या मराठी मंडळाची ‘खाद्यसहल’ दोन बस भरून गेली. जबाबदार: सहलप्रमुख.

त्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यातला बुधवार. त्या सहलीत जे घडले त्याचा ठपका, सहलीला गेलेच नव्हते अशा एका गृहस्थांवर ठेवणारे निवेदन मराठीत आणि जपानीत काढण्यात आले. जबाबदार: सचिव. मसुदा त्यांचा, सहीही त्यांची.

गणेशोत्सवापूर्वीच्या सर्वसाधारण सभेचा शनिवार. ते निवेदन मागे घ्यावे ही त्या गृहस्थांची विनंती हसून टाळण्यात आली. जबाबदार: अध्यक्ष, आणि सभेत जे जे हसले ते सर्व.

या महिन्याचा पहिला सोमवार. गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांच्याच नावाने, त्याच वस्तीत, ‘स्मृती-पदभ्रमंती’ जाहीर झाली. जबाबदार: संपूर्ण कार्यकारी समिती.

मी मुंबईच्या एका बँकेच्या विधी विभागात उभी हयात काढली. बँकेनेच मला ओसाकाला पाठवले. पुढे पत्नीला येथील शाळेत शिकवण्याचे काम मिळाले आणि निवृत्तीनंतरही आम्ही येथेच राहिलो. आधी तारखा आणि मग माणसे, ही सवय सुटत नाही. तथापि हा लेख म्हणजे तक्रारअर्ज नव्हे. ज्यांच्याविषयी तो आहे त्यांना तक्रारअर्जांचा मनस्वी कंटाळा होता, आणि माझ्या पत्रांची ते यथेच्छ थट्टा करीत. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. ते नाव समितीने हल्ली फार वापरले आहे. मंडळातली माणसे त्यांना नुसते काका म्हणत.

ते माझ्याच बँकेत परकीय चलन विभागात होते आणि माझ्या कितीतरी आधी जपानात आले होते. पत्नी लवकर गेली, मूलबाळ नव्हते. बँक सोडून त्यांनी कोबेतल्या एका व्यापारी कंपनीत नोकरी धरली आणि राहायला मात्र ओसाकातच, त्सुरुहाशी स्थानकापासून पायी अंतरावर, एक खोली घेतली. त्सुरुहाशीला गाडीचे दार उघडले की फलाटावरच भाजत्या मांसाचा वास येतो. शाकाहारी माणसाने राहण्यासाठी याहून गैरसोयीची जागा अख्ख्या शहरात शोधून सापडली नसती. ते जन्माचे शाकाहारी होते. आणि महिन्यातून एका रविवारी चार मराठी माणसांना घेऊन कोरियन खाद्यपदार्थांच्या गल्ल्या पायी दाखवणे हा त्यांचा एकमेव छंद होता.

“तुम्ही स्वतः खात नाही, मग दाखवता कोणत्या अधिकाराने?” असे मी त्यांना पहिल्याच भेटीत विचारले.

“वकीलसाहेब,” ते म्हणाले (मी वकिली कधीच केलेली नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते), “खाणारा माणूस साक्षीदार म्हणून कच्चा असतो. त्याचं लक्ष घासाकडे.”

याच तत्त्वावर त्यांचा पहिला नियम उभा होता. त्यांच्याबरोबर खाऊगल्लीत जायचे तर घरून जेवून यावे लागे. स्थानकाच्या फाटकापाशी ते उभे असत आणि नमस्काराऐवजी विचारीत, “जेवून आलात ना?” कोणी “काका, आज तर खायलाच आलोय, पोट रिकामं ठेवून” असे उत्साहाने सांगितले, तर त्याला समोरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, पाठवून भाताचा एक त्रिकोण खाऊन यायला लावीत. बाकीचे तोवर थांबत. भुकेला माणूस फक्त ताट पाहतो, गल्ली पाहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते तेव्हा विक्षिप्त वाटले, आणि आजही वाटते. परंतु भरल्या पोटी त्या गल्लीत मी जे पाहिले ते पूर्वी कधी पाहिले नव्हते, हेही नमूद केले पाहिजे.

दुसरा नियम संख्येचा. एका दुकानाच्या छपराखाली मावतील तेवढीच माणसे न्यायची. त्या गल्ल्यांतली दुकाने म्हणजे पुढे एक तवा, मागे एक बाई आणि वर हातभर पत्रा. छपराबाहेर उभे राहिलेले गिऱ्हाईक वाट अडवते, सायकलीवरून जाणाऱ्या म्हातारीला उतरावे लागते. “तिला उतरावं लागलं की आपण पाहुणे उरलो नाही, गर्दी झालो,” असे ते म्हणत. पाऊस असला की छत्र्यांमुळे संख्या आणखी घटे, आणि एखाददुसऱ्याला ते खरोखरच स्थानकावरून परत पाठवीत.

तिसरा नियम ताटल्यांचा. प्रत्येकाने घरून स्टीलची ताटली आणायची. जपानात रस्त्यावर कचऱ्याचा डबा नसतो. ज्याचा कचरा त्याने घरी न्यावा किंवा जिथे विकत घेतले तिथेच परत द्यावा, अशी रीत आहे. दुकानदाराला आपल्यामुळे कागदी बशी खर्चावी लागू नये आणि ती पुन्हा त्याच्याच गळ्यात पडू नये, म्हणून ही व्यवस्था. सुरुवातीला दुकानदार स्वच्छतेचे कारण सांगून नकार देत. काही महिने ते नकार ऐकत राहिले आणि वाकून आभार मानत राहिले. एके दिवशी एका दुकानाने ताटली घेतली. मग गल्लीने घेतली.

परंतु त्यांचा सर्वांत जाचक नियम तुलनेचा होता. “हे अगदी आपल्या अमक्यासारखं” हे वाक्य त्यांच्या सहलीत निषिद्ध होते. जो ते उच्चारील त्याने पुढचे दुकान येईपर्यंत गप्प बसायचे. ठाण्याहून नवऱ्याच्या नोकरीपायी नुकत्याच आलेल्या एक बाई एकदा आमच्याबरोबर होत्या. तव्यावर कांद्याची पात घातलेल्या पिठाची चिजिमी पसरलेली पाहताच त्या आनंदाने ओरडल्या, “अय्या, हे तर आपलं थालीपीठ!”

“गप्प,” काका म्हणाले.

“अहो पण आहेच ते तसं!”

“थालीपीठ तुमच्या घरी आहे. ते कुठे पळून जात नाही. हे काय आहे ते बघा. ही बाई पीठ कसं ओतते, किती वेळ हात लावत नाही, ते बघा.”

बाई गप्प राहिल्या. पुढच्या दुकानाशी पोहोचल्यावर त्यांनी विचारले, “काका, पाणी पाण्यासारखं आहे, एवढं तरी म्हणू का?” त्या दिवशी मी त्यांना प्रथमच मोठ्याने हसताना पाहिले. त्याच बाई आता त्या भागातल्या पाळणाघरात काम करतात आणि त्यांची मुलगी त्यांना जपानीतच उत्तरे देते. आजही त्या मला म्हणतात की परदेशात राहायचे कसे, हे त्यांना त्या रविवारी कळले.

त्या वस्तीत शिरण्याची त्यांची वाटही निराळी. पर्यटक मोठ्या रस्त्यावरच्या रंगीत कमानीखालून आत जातात. तेथे चीज लावलेल्या तळणाच्या रांगा आणि कोरियन पॉप गाणाऱ्या मुलांची छायाचित्रे आहेत. ते मागच्या बाजूने, कालव्याकडून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून नेत. कालव्याच्या पुलावर क्षणभर थांबत आणि सांगत की हा कालवा खोदायला कोरियातून आलेल्या मजुरांचे हात लागले आहेत, असे इथले म्हातारे सांगतात. मग पुढे चालू लागत. वस्तीचे इकाइनो हे जुने नाव नकाशावरून कधीच काढून टाकलेले आहे. ते मात्र दुसरे नाव वापरीत नसत. “ज्यांनी काढलं त्यांना विचारा का काढलं. मी कशाला विसरू?” एवढेच त्यांचे स्पष्टीकरण.

गल्लीच्या मध्यावर चिजिमीचे एक दुकान आहे. ते चालवणाऱ्या वृद्ध बाईंना सारी गल्ली हाल्मोनी, म्हणजे आजी, म्हणते. त्या जन्मल्या ओसाकात, बोलतात फर्ड्या ओसाकी ढंगाने, आणि तरीही कागदोपत्री परदेशी आहेत. काकांसाठी त्या थंडीच्या तोंडावर किमचीची, म्हणजे तिखटात मुरवलेल्या कोबीची, एक बरणी निराळी घालीत, वाळवलेली कोळंबी वगळून. या मेहरबानीचा मोबदला त्या जिभेने वसूल करीत.

“इंदो-सान आले!” त्या ओरडत, म्हणजे हिंदुस्थानातले साहेब. “खाणार काही नाहीत, नुसते बघणार. पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, करखात्याचा माणूस आहे.”

“करखात्याचा माणूस खातो,” काका गंभीरपणे उत्तर देत.

आता मे महिन्याच्या त्या रविवारकडे वळतो.

मंडळाने त्या सहलीचे नेतृत्व काकांना देऊ केले होते. दोन बस आहेत असे कळताच त्यांनी नकार दिला. हे संभाषण माझ्या समोर झाले असल्याने मी ते साक्षीपुराव्यासह मांडू शकतो. सहलप्रमुख म्हणाले, “काका, लोकांचा उत्साह आहे हो. तुम्ही फक्त पुढे चाला.” काका म्हणाले, “एवढ्या लोकांच्या पुढे चालतात त्याला मिरवणूक म्हणतात. ती गल्ली राहती आहे.” सहल त्यांच्याविना गेली. त्या दिवशी ते घरी होते. दुपारी माझ्याशी बुद्धिबळ खेळत होते आणि हरत होते.

सहलीतल्या लोकांनी गैरवर्तन केले असे मी म्हणणार नाही. उलट ते स्वच्छतेने वागायला गेले, आणि तिथेच चुकले. सर्वांनी आपापल्या कागदी बश्या, काड्या, रस्सा सांडलेले पेले एका मोठ्या पिशवीत गोळा केले, पिशवीला घट्ट गाठ मारली आणि कोपऱ्यावर निळ्या जाळीखाली कचरा ठेवण्याची जागा दिसली तिथे ती नीट ठेवली. आपल्याकडे यासाठी शाबासकी मिळाली असती. पण ती जागा गल्लीतल्या रहिवाशांची होती. रविवारी तिथे कचरा उचलला जात नाही, आणि वर्गवारी न केलेला तर कधीच नाही. संध्याकाळपर्यंत कावळ्यांनी पिशवी फोडली. तिखट रस्सा, काड्या, आणि मंडळाचे नाव देवनागरीत छापलेल्या कागदी टोप्या चार घरांच्या दारांपर्यंत पसरल्या. ज्या म्हाताऱ्या माणसांवर त्या आठवड्यात ती जागा झाडण्याची पाळी होती, त्यांनी ते गुडघ्यांवर बसून उचलले.

काकांना हे दुसऱ्या दिवशी कळले. त्या आठवड्यात ते कामावर गेले, आणि पुढच्या रविवारी काळा सूट घालून, डिपार्टमेंट स्टोअरमधून वेष्टनात बांधून आणलेली मिठाईची खोकी दोन्ही हातांत घेऊन माझ्या दारात उभे राहिले. “चला,” म्हणाले.

“तुम्ही तिथे नव्हता,” मी म्हणालो. “ज्या कृत्याशी आपला संबंध नाही त्याबद्दल क्षमा मागणे अनुचित आहे. उद्या तोच पुरावा होईल.”

“तुमच्या कोर्टात होईल. या गल्लीत नाही होत. चला, एक खोकं धरा.”

येथे हे स्पष्ट केले पाहिजे की जपानात क्षमा मागणे म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. आपल्या माणसांमुळे तुम्हाला त्रास झाला, तो मला दिसला, एवढाच तिचा अर्थ. ते दारोदार गेले. प्रत्येक दारात कमरेत वाकले. कोणीही रागावले नाही. मी मागे खोकी धरून उभा होतो.

शेवटी आम्ही हाल्मोनीच्या दुकानाशी आलो. त्यांनी खोक्याकडे पाहिले, सुटाकडे पाहिले.

“कोण गेलं?” त्यांनी विचारले.

“कोणी नाही. गेल्या रविवारबद्दल...”

“तुम्ही नव्हता गेल्या रविवारी. मी बघत होते की. टोप्याच टोप्या. तुमचं तोंड नव्हतं त्यात.”

“तुमच्या गल्लीत हिंदी माणूस म्हटलं की माझंच तोंड आठवणार.”

“तुमचं तोंड मला पाठ आहे. एवढं आंबट तोंड साऱ्या इकाइनोत दुसरं नाही, माझी मागच्या वर्षीची किमचीसुद्धा नाही.” मग त्यांनी उलथणे खाली ठेवले, आणि आवाज बदलला. “ऐका इंदो-सान. आमच्यातल्या एकाने काही केलं की ते सगळ्यांच्या नावावर जातं. माझ्या वडलांपासून बघतेय मी. लोक ते करतात आम्हाला. तुम्ही आपल्या हाताने आपल्याला करून घेऊ नका.”

काका पुन्हा एकदा वाकले. बाईंनी खोके घेतले आणि तव्यावरची चिजिमी उलटली.

बुधवारी मंडळाचे निवेदन निघाले. त्यातले वाक्य मला तोंडपाठ आहे: ‘संबंधित मार्गदर्शकांनी स्वतः जाऊन रहिवाशांची क्षमा मागितली असल्याने, सदर प्रकाराची जबाबदारी त्यांची व्यक्तिगत असून मंडळाचा तिच्याशी संबंध नाही.’ पुढे त्यांचे पूर्ण नाव. जपानी प्रत गल्लीच्या रहिवासी संघाकडे रवाना झाली. तीत आणखी एक ओळ होती, की हे गृहस्थ यापुढे वस्तीत कोणालाही घेऊन येणार नाहीत. त्यांना कोणी विचारले नव्हते. रहिवासी संघाने रीतीप्रमाणे ते पत्र गल्लीच्या सूचनाफलकावर, काचेआड, लावले.

ज्याने कचरा केला नाही त्याने क्षमा मागितली. आणि ज्यांनी केला त्यांनी ती क्षमा उचलून त्याच्याच गळ्यात कबुलीजबाब म्हणून बांधली. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ लबाड मसुदे वाचले आहेत. याच्याइतका सफाईदार क्वचितच.

मी प्रत्युत्तराचा मसुदा केला. त्यांनी तो वाचला आणि बाजूला ठेवला. “क्षमा मागितली ती मागितली,” म्हणाले. “आता ‘मी नव्हतोच’ म्हणून दारोदार पत्रं वाटली, तर त्या वाकण्याला काय अर्थ राहिला?”

परंतु रविवारच्या सहली बंद झाल्या. ते शब्द मोडणारे गृहस्थ नव्हते, मग तो शब्द दुसऱ्याने त्यांच्या नावावर दिलेला का असेना. हाल्मोनींकडे ते एकटे जात. मात्र फलकावरून जाणारी सरळ वाट त्यांनी सोडली आणि मासळीबाजाराच्या मागून, लांबच्या वळणाने जाऊ लागले. मी एकदा कारण विचारले. “स्वतःचं नाव वाचत जायला बरं वाटत नाही,” एवढे म्हणाले, आणि लगेच त्या बाजारातल्या वाळल्या मासळीच्या जाती मला समजावू लागले.

त्यांनी मंडळाकडे एकदाच काही मागितले. सर्वसाधारण सभेत, मखराच्या खर्चावर चर्चा संपल्यावर, ते उठून उभे राहिले. “मला निर्दोष ठरवू नका,” ते म्हणाले. “तेवढा माझ्या नावाचा कागद त्या गल्लीतून काढून घ्या. मला रोज त्याला वळसा घालून जावं लागतं.”

“काका, अहो किती मनाला लावून घेता!” अध्यक्ष म्हणाले. “तिथे मराठी कोण वाचतंय?”

“तो जपानीत आहे,” काका म्हणाले.

आणि सभागृह हसले. विनोद झाला असे लोकांना वाटले. ते खाली बसले.

हिवाळ्यात त्यांचे हृदय थांबले. हाल्मोनी अंत्यविधीला आल्या होत्या. मागच्या रांगेत उभ्या राहून त्या मला हलक्या आवाजात म्हणाल्या, “तो कागद अजून तिथेच आहे. मी संघाच्या प्रमुखाला दोनदा सांगितलं. म्हणाला, आजी, काढता येत नाही.”

मी स्वतः त्या प्रमुखांकडे गेलो. सज्जन, सावध गृहस्थ आहेत. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, “पत्र आपल्या संस्थेकडून आलं. आम्ही आपल्या मर्जीनं काढलं तर ते संस्थेच्या शब्दाचा अनादर होईल. त्याच संस्थेनं नवं पत्र दिलं, तर त्याच दिवशी बदलतो.” मी त्यांना दोष देऊ शकत नाही. ज्याने लावले त्यानेच काढावे, हा नियम मी स्वतःही पाळला असता. अर्थ एवढाच, की या जगात तो कागद काढण्याचा अधिकार फक्त आमच्या कार्यकारी समितीला आहे. आजवर मी समितीला यासंबंधी लिहिलेल्या एकाही पत्राला उत्तर आलेले नाही.

उत्तराऐवजी पदभ्रमंतीची घोषणा आली. येत्या महिन्यात मंडळी कमानीखालून आत जाणार. पुढे एक फलक असेल. त्यावर त्यांचे छायाचित्र, पूर्ण नाव, आणि खाली ‘आपले लाडके मार्गदर्शक’ अशी अक्षरे. मार्ग मी पाहिला आहे. तो सूचनाफलकावरून जातो. तेथील काचेआड तेच पूर्ण नाव, या गल्लीला उपद्रव देणारा इसम म्हणून, मंडळाच्या शिक्क्यासह लावलेले आहे. गल्लीतली माणसे दारांत उभी राहून दोन्ही वाचतील. त्यांना वाचता येते.

म्हणून अध्यक्ष, सचिव आणि समितीचे सर्व सदस्य यांना माझा एकच प्रश्न आहे. तो मी खाजगी पत्राने विचारीत नाही, येथे सर्वांदेखत विचारतो, आणि उत्तरही सर्वांदेखतच हवे आहे. मराठीत आमच्यासाठी, जपानीत त्या गल्लीसाठी, आणि पदभ्रमंतीचे पहिले पाऊल पडण्याआधी. दोन्ही कागद तुमचेच आहेत. दोन्हींवर नाव एकाच माणसाचे आहे. यांपैकी खोटा कोणता?